भट्टी उतरते तशी

पुण्याच्या पेठेतल्या आम्हा मुलांना बेकरीची भट्टी आतून क्वचितच दिसायची. पण ती किती तापलीय, किती उतरलीय, हे गल्लीत येणाऱ्या वासावरून कळायचं.

विटांची भट्टी आधी लाकडं जाळून तापवायची. मग विस्तव बाजूला सारायचा, ओल्या गोणपाटानं तळ पुसायचा आणि लांब दांड्यानं पावाचे पत्रे आत सरकवायचे. पाव भाजायच्या त्या तापलेल्या विटा. सगळ्यात कडक धग पावाला. ती जरा उतरली की खारी, बिस्किटं. त्याहून मंद झाली की नानकटाई. आणि रात्रभर उरलेल्या उबेत पावाचे काप वाळत पडायचे, सकाळी त्यांचा कडक टोस्ट झालेला असायचा. एकदा जाळलेलं लाकूड शेवटच्या उबेपर्यंत वापरणारी ही माणसं फार हुशार!

गरम लादी घरी आली की भांडण ठरलेलं. कोपऱ्याच्या पावाला दोन बाजूंनी खरपूस कड, मधला चारही बाजूंनी लुसलुशीत. मला अजूनही कोपऱ्याचाच हवा असतो.

आजी मात्र पावाला हात लावायची नाही. ताप आलेल्या नातवाला दूध-पाव द्यायची, स्वतः कधी नाही. याच पुण्यात 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचं प्रकरण, झालं होतं. परधर्मीयांच्या हातचं खाऊन बाटण्याचा तो धाक घराघरांत पुढच्या पिढ्यांपर्यंत उरला होता. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर 1955 पासून कयानी बेकरी आहे. तिथली श्रूजबरी बिस्किटं पेठांमधल्या डब्यांत येऊन बसली, तरी आजीचा नियम ढळला नाही.

ढळला तो दिवाळीत. नानकटाईला मैदा, रवा, पिठीसाखर घरची आणि तूपही घरचं. भट्टी तेवढी बेकरीची. मग तिची हरकत संपली. ती स्वतः तूप फेसायची, हात भरून येईपर्यंत. आम्ही डबा घेऊन बेकरीत रांगेत बसायचो. पत्र्यावर गोळे मांडायचे, नावाची चिठ्ठी लावायची आणि आपला पत्रा नजरेआड होऊ द्यायचा नाही.

"चाचा, आमचा कधी?"

"बेटा, भट्टी उतरू दे."

साजूक तुपाची पिवळसर, डालड्याची पांढुरकी, रवा जास्त पडलेली भेगाळलेली. पत्रे बाहेर आले की चाचा चिठ्ठीसुद्धा बघत नसत. ज्याची त्याला बरोबर देत.