फॉन्ट आहे का, हे एडिटरलाच विचारा

मंडळी, बडोद्यात मराठी मजकुरावर काम करणाऱ्याच्या पडद्यावर बरेचदा तीन लिप्या एकत्र नांदतात: देवनागरी, गुजराती आणि गायकवाडी काळातले कागद कोणी उतरवून घेत असेल तर मोडी. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामायिक अक्षरयादीत, जागा मिळाली २०१४ साली, ७.० या आवृत्तीत. म्हणजे अक्षरांना क्रमांक मिळाले. ती उमटवणारा फॉन्ट तुमच्या मशीनवर असेलच असं नाही. नसला की इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये मोडी ‘अ’च्या जागी एक छोटी चौकट दिसते आणि तिच्यात ०११६०० हा त्या अक्षराचा क्रमांक. फाईल बिघडली असं समजून लोक ती पुसून टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं. मजकूर शाबूत असतो हो! फक्त फॉन्ट नसतो.

म्हणून सेटिंगच्या फाईलमध्ये फॉन्टचं नाव लिहून मोकळं होऊ नका. आधी विचारा. इमॅक्समध्ये ‘फॉन्ट-फॅमिली-लिस्ट’ हे फंक्शन उपलब्ध फॉन्ट-फॅमिलींची, म्हणजे फॉन्टच्या मूळ नावांची, यादी देतं. ‘नोटो सान्स मोडी’ त्यात आहे का, हे ‘मेंबर’ हे फंक्शन लावून तपासायचं आणि असेल तरच ‘सेट-फॉन्टसेट-फॉन्ट’ने मोडीच्या अक्षरांना तो नेमून द्यायचा. नाव मात्र काना-मात्रेसह जुळलं पाहिजे. फाईलचं नाव वेगळं, फॅमिलीचं वेगळं. फाईलच्या नावातले शब्द जोडून लिहिलेले असतात, फॅमिलीच्या नावात मध्ये जागा असते. इथे बरेच जण अडकतात.

दुसरी अडचण जास्त छळते. इमॅक्स डेमन म्हणून, म्हणजे पडद्यामागे चालत राहणारा प्रोग्राम म्हणून, सुरू केलात, तर सेटिंगची फाईल वाचली जाते तेव्हा खिडकीच उघडलेली नसते. फॉन्टची यादी ही खिडकीशी बांधलेली, त्यामुळे उत्तर येतं ‘निल’, म्हणजे काहीच नाही. फॉन्ट जागेवर असतो, पण तुमची अट खोटी ठरते. ही तपासणी ‘सर्व्हर-आफ्टर-मेक-फ्रेम-हुक’मध्ये टाका, म्हणजे ती खिडकी उघडल्यावर चालेल; इमॅक्स २७ पासून ती सोय आहे.

लिनक्सवर एडिटरच्या बाहेरूनही विचारता येतं, पण कोणाला विचारताय ते पाहा. ‘एफसी-मॅच’ ही कमांड कधी नाही म्हणत नाही. मागितलेला फॉन्ट नसेल तर जवळचा दुसरा पुढे करते, आणि आपण समजतो काम झालं. ‘एफसी-लिस्ट’ खरं सांगते. तिला अक्षराचा क्रमांक देऊन, हे अक्षर कोणकोणत्या फॉन्टमध्ये आहे, असंही विचारता येतं. माझ्या मते मोडीसाठी हाच प्रश्न योग्य, कारण नावापेक्षा अक्षर महत्त्वाचं.

यादीत नाव सापडलं तरी अक्षर त्याच फॉन्टने उमटवलं असेल, याची खात्री नसते. कर्सर अक्षरावर ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि मग बरोबरचं चिन्ह दाबा; कोणता फॉन्ट वापरलाय ते इमॅक्स सांगतो. देवनागरीसाठी मी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी शेजारी लिहून पाहतो. पहिल्यात रफार डोक्यावर गेला पाहिजे, दुसऱ्यात आडवा र य-ला चिकटून बसला पाहिजे. सुटी अक्षरं असूनही जोडाक्षर चुकवणारे फॉन्ट असतात, आणि ते कुठल्याच यादीत कळत नाही.

आणि अट खोटी ठरली तर प्रोग्रामने गप्प राहू नये. ‘मेसेज’ने खालच्या ओळीत स्पष्ट लिहा, मोडीचा फॉन्ट सापडला नाही. तेवढ्यावर ती फाईल पुसली जाण्यापासून वाचते.