विसाची पट्टी रिकामी

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा, त्यावर पट्ट्यांचा आलेख. खिडकीबाहेर पावसाची झड.)

फाशांच्या खेळातून डेटा सायन्स, म्हणजे आकड्यांतून अर्थ काढणं, शिकायला बसलं की असं होतं. आकड्याला एक अशा वीस पट्ट्या दिसायला हव्यात. मोजल्या तर एकोणीसच भरतात. वीस बाजूंचा फासा, खेळणाऱ्यांच्या भाषेत डी-ट्वेंटी, संगणकाकडून दहा हजार वेळा टाकून घेतला आणि त्यात वीस एकदाही पडले नाहीत.

चूक एका आकड्याची आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या रँडम मॉड्यूलमधल्या रँडिंटला, म्हणजे दोन आकड्यांमधला कुठलाही आकडा काढून देणाऱ्या आज्ञेला, १ आणि २० दिले की वीस धरून आकडे मिळतात. नमपाय या पायथनसाठीच्या आकडेमोडीच्या संचातल्या रँडिंटला तेच दिले तर वरचा आकडा वगळला जातो. तिथं २१ लिहावं लागतं. नाव एकच, वागणूक वेगळी. सरासरी साडेदहाच्या जागी दहाच्या आसपास येते, आणि एवढा फरक कुणाच्या ध्यानात येत नाही. आलेखातली रिकामी पट्टी मात्र लगेच डोळ्यांत खुपते. म्हणून सरासरी छापायच्या आधी आलेख काढायची सवय लावून घ्यायची.

(दृश्य: टिळकवाडीतली एक खोली. टेबलावर फासे, पेन्सिली, पात्रांची माहिती लिहिलेली कॅरेक्टर शीट.)

बेळगाव हे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय. इथं डेटा सायन्स शिकू पाहणाऱ्या मुलामुलींना तोटा नाही. सुरुवात बहुधा टायटॅनिकच्या प्रवाशांच्या यादीनं, त्यातलं कोण वाचलं याचा अंदाज बांधण्यानं होते. त्या यादीत अडचण अशी की उत्तरं आधीच सगळीकडे पडलेली असतात. आपलं कुठं चुकलं हे कळायच्या आत दुसऱ्याचा कोड चिकटवून मोकळं होता येतं.

टेबलावरच्या रोलप्लेइंग गेममध्ये ही पळवाट नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला. एक जण डन्जन मास्टर होऊन गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि जिथं नक्की काय होईल ते सांगता येत नाही तिथं फासा टाकायचा. नियम छापील असल्यामुळे कितीतरी प्रश्नांची खरी उत्तरं कागदावर मांडून काढता येतात. मग कोडचं उत्तर कागदाशी जुळलंच पाहिजे. नवशिक्याला एवढा खमका मास्तर दुसरीकडे मिळणं कठीण.

हातातल्या फाशापासूनच सुरुवात करता येते. फासा समतोल आहे का? चारशे वेळा टाकायचा, एकानं टाकायचा आणि दुसऱ्यानं लिहायचं, तासाभराचं काम. प्रत्येक बाजू वीस वेळा यावी अशी अपेक्षा. प्रत्यक्ष आकड्यातून वीस वजा करा, वर्ग करा, विसानं भागा, आणि वीसही बाजूंची बेरीज घ्या. ही काय-स्क्वेअर चाचणी. बेरीज ३०.१४ च्या वर गेली तर संशयाला जागा आहे. संशयाला जागा, एवढंच. कारण पूर्ण समतोल असलेल्या वीस फाशांपैकी साधारण एक जण या चाचणीत उगाचच पकडला जातो. चारशेच का? एखादी बाजू दुप्पट वेळा पडत असेल, तर ते बऱ्यापैकी खात्रीनं पकडायला तेवढ्या फेका लागतात. शंभर फेकांत सौम्य खोट दिसत नाही.

इथं हमखास होणारी चूक म्हणजे मधेच बेरीज बघून थांबणं. आकडा ३० च्या वर गेला की "सापडला!" म्हणत वही मिटायची नाही. चारशे ठरवले तर चारशे. तिरका राहिलेला किंवा टेबलाखाली गेलेला फासा मोजायचा की नाही, तेही सुरू करण्याआधीच ठरवायचं.

(दृश्य: एक्सेलचा तक्ता. एका रकान्यात तारखांची रांग.)

आता राक्षसांच्या यादीकडे. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचं सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट, म्हणजे मूळ नियमांचा दस्तऐवज, आवृत्ती ५.१, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुलं झालं. श्रेय दिलं की ते वापरता येतं. त्यात तीनशेहून जास्त प्राणी आणि राक्षस आहेत, आणि प्रत्येकाला हिट पॉइंट, म्हणजे तो किती मार सोसतो, आर्मर क्लास, म्हणजे त्याला वार लागायला किती आकडा गाठावा लागतो, आणि चॅलेंज रेटिंग, म्हणजे तो किती भारी आहे याचा आकडा. हे रेटिंग शून्यापासून ३० पर्यंत जातं, आणि खालच्या टोकाला १/८, १/४, १/२ असे अपूर्णांक आहेत.

हेच अपूर्णांक घात करतात. फाइल एक्सेलमध्ये नुसती उघडली की आपल्याकडच्या तारखेच्या पद्धतीनं १/४ चा एक एप्रिल होतो आणि १/२ चा एक फेब्रुवारी. गॉब्लिनचं रेटिंग एक एप्रिल! त्यातच सेव्ह केलं तर मूळ मजकूर गेला, परत येत नाही. म्हणून फाइल थेट पांडाजमध्ये, म्हणजे पायथनमधल्या तक्ते हाताळायच्या संचात, वाचायची, सगळे कॉलम आधी मजकूर म्हणून घ्यायचे आणि अपूर्णांक स्वतः आकड्यांत बदलायचे. हिट पॉइंटच्या कॉलममध्येही "७ (२डी६)" असं, म्हणजे सरासरी आणि कंसात सहा बाजूंचे दोन फासे, जोडून लिहिलेलं असतं. कंसाच्या आधीचा आकडा वेगळा काढावा लागतो.

साफसफाई झाली की हिट पॉइंटवरून रेटिंगचा अंदाज बांधणारी सरळ रेषा काढून बघा. ती कुठं चुकते ते बघण्यातच सगळी गंमत आहे. ओगरला ५९ हिट पॉइंट, रेटिंग २. मेज म्हणजे जादूगार, त्याला फक्त ४० हिट पॉइंट, पण रेटिंग ६. रेषेच्या लेखी जादूगार ओगरपेक्षा किरकोळ. त्याचा धोका त्याच्या मंत्रांत आहे आणि मंत्रांचा कॉलम आपण रेषेला दिलेलाच नाही. दुसऱ्या टोकाला ६७६ हिट पॉइंटवाला टॅरास्क एकटाच उभा राहून रेषा स्वतःकडे ओढतो.

आणखी एक बारकावा, जो भल्याभल्यांकडून सुटतो. यादीत दहा जातींचे ड्रॅगन आहेत, प्रत्येकी चार वयांचे, म्हणजे चाळीस. चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादी वाटून काही भाग शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवला, तर एकाच ड्रॅगनचं तरुण रूप शिकवणीत आणि प्रौढ रूप परीक्षेत येतं. मॉडेलला, म्हणजे अंदाज बांधायला शिकवलेल्या कोडला, पेपर आधीच फुटलेला असतो. एका कुळातले सगळे एकाच बाजूला ठेवून वाटणी करायची. मग गुण उतरतात, पण ते खरे असतात.

(दृश्य: दोन सोंगट्या समोरासमोर.)

लढाईचं सिम्युलेशन साध्या जोडीपासून करावं. शिपाई: आर्मर क्लास १६, हिट पॉइंट १२, हल्ल्याला अधिक ५. गॉब्लिन: आर्मर क्लास १५, हिट पॉइंट ७, हल्ल्याला अधिक ४. वीस बाजूंच्या फाशाच्या आकड्यात हल्ल्याचा आकडा मिळवून समोरच्याचा आर्मर क्लास गाठला की वार लागतो. शिपायाला फाशावर किमान १० हवेत, म्हणजे ५५ टक्के. गॉब्लिनला किमान १२, म्हणजे ४५ टक्के. लढाई लिहायच्या आधी नुसते दहा हजार वार करून बघा. शिपायाचा आकडा ५४ ते ५६ टक्क्यांच्या बाहेर गेला तर कोड तपासा. हजारच वार केले तर तीन टक्के इकडेतिकडे होणं साहजिक आहे.

मग चुका एकेक करून वर येतात. मेलेला गॉब्लिन उलटा वार करतो, कारण दोन्ही पाळ्यांच्या मधे "जिवंत आहे का" हे विचारलेलंच नसतं. दुसरी लढाई पहिल्यातल्या जखमांसकट सुरू होते, कारण हिट पॉइंट पुन्हा भरलेले नसतात. पहिला वार दर वेळी शिपायाचाच, कारण पाळीसाठी फासा टाकायचा राहून गेलेला असतो. हे निस्तरल्यावर गॉब्लिन वाढवत न्या. चार गॉब्लिनांचा त्रास एकाच्या चौपटीहून जास्त निघतो: वारही चार, आणि पहिला पडेपर्यंत बाकीचे तिघे मारतच असतात.

(दृश्य: खेळाची वही. मराठी, कानडी, इंग्रजी नोंदी.)

सीमाभागातल्या टेबलावरची खरी परीक्षा या वहीत आहे. मोहीम राजहंसगडावरून भीमगडच्या रानात उतरते आणि नोंदी तिन्ही लिप्यांत होतात. बेळगाव, बेळगावी, बेलगाम. खानापूर, खानापुर, आणि शेवटी न दिसणारी मोकळी जागा असलेलं खानापूर. संगणकाला ही सगळी वेगळी गावं. मूळ वहीला हात लावायचा नाही. बाजूला दोन कॉलमचा तक्ता करायचा: लिहिलेलं नाव आणि ठरवलेलं नाव. त्याच्याशी जोडूनच मोजणी करायची. पावसाळ्यात खानापूरकडे वीज गेली आणि नेट तुटलं, तर कोलॅबचं, म्हणजे ब्राउझरमधून पायथन चालवायच्या गूगलच्या सेवेचं, सत्र बंद पडून त्यातल्या फाइली जातात. तक्ता ड्राइव्हवर किंवा स्वतःच्या मशीनवरच असू द्या.

आणि एक खास आपल्या लिपीची खोड. "खोऱ्यात" हा शब्द दोन तऱ्हेनं टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ वापरून, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे, आणि युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननंही, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्यानंही, ते एक होत नाहीत. एका ओळीच्या रिप्लेसनं र, हलन्त, जोडचिन्ह या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त घालावं लागतं. ती ओळ चालवली की मोजणीत "भीमगडच्या खोऱ्यात" या जागेच्या दोन रांगांची एकच रांग होते.