लांब पल्ल्याच्या दुचाकीस्वाराची गमतीदार थैली

श्रोतेहो, नमस्कार.

चोवीस तासांत १००० मैल, म्हणजे सुमारे १६१० किलोमीटर मोटारसायकल चालवणाऱ्याला अमेरिकेतील आयर्न बट असोसिएशन ही संस्था प्रमाणपत्र देते, आणि आपल्याकडील अनेक स्वारही आता हा पल्ला गाठू लागले आहेत. चहापाणी, पेट्रोल, विश्रांती हे सगळे धरून ताशी सरासरी ६७ किलोमीटर पडतात. अशा प्रवासाला निघणाऱ्या मित्राला आपत्कालीन साहित्याची एक थैली भेट द्यावी आणि तिच्यातील प्रत्येक वस्तूवर एकेक विनोदी चिठ्ठी चिकटवावी, असा माझा आग्रह आहे. थकलेला माणूस उपदेश ऐकत नाही. तोच उपदेश हसवून केला, तर मात्र तो थैली उघडतो आणि सांगितलेले करतो. अट एवढीच, की चिठ्ठी गमतीची असली तरी वस्तू कामाचीच हवी.

पंक्चरचे किट, हवा भरण्याचा छोटा पंप, क्लचची जादा केबल, फ्यूज आणि टॉर्च यांविषयी फार सांगण्याची गरज नाही. मराठवाड्यातील स्वाराने मात्र त्यांच्यासोबत एक लाकडी उलथने जरूर ठेवावे. पावसाळ्यात डांबरी सडक सोडून गाडी शेतरस्त्याला लागली, की काळ्या रानाचा चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये असा गच्च बसतो की चाक फिरायचेच थांबते, आणि तो बोटांनी निघत नाही. उलथन्यावर ‘पिठले करपू देऊ नये’ असे लिहावे. हातभर रुंदीची फळी नको, तळहाताएवढी पुरे. साइड स्टँड मऊ जमिनीत रुतून गाडी कलंडू नये म्हणून ती स्टँडखाली ठेवायची असते. तिच्यावर ‘पाहुण्यांसाठी पाट’ ही चिठ्ठी शोभते.

उन्हाळ्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीपार गेला, की अंगावर येणारा वारा गारवा देत नाही, उलट अंग तापवतो आणि घाम कळायच्या आत सुकवून टाकतो. म्हणून अशा उन्हात जॅकेट काढू नये आणि तहान लागण्याची वाट पाहू नये. एक लिटर पाण्यात विरघळवायची ओआरएसची पाकिटे, खारे शेंगदाणे आणि गूळ एका पुडीत बांधून ‘जावईबापूंचा पाहुणचार’ असे लिहिले, तर स्वार ती पुडी विसरत नाही. मांड्या घासल्या जाऊ नयेत म्हणून टाल्कम पावडर द्यावी आणि शिवण न टोचणारी अंतर्वस्त्रे घालण्यास सांगावे. या विषयावर मोकळेपणाने बोलायला लोक संकोचतात, म्हणून तेथे तर विनोद हवाच.

पेट्रोलच्या पावत्यांवरची वेळ आणि ठिकाण हाच प्रवासाचा पुरावा असतो. त्या पावत्यांचा कागद उष्णतेने काळवंडतो किंवा त्यावरची अक्षरे उडतात, त्यामुळे पंपावरच फोटो काढून त्या बंद पिशवीत ठेवाव्यात.

सर्वांत महत्त्वाची चिठ्ठी टाकीवर, डोळ्यांसमोर लावायची: ‘ही ओळ दुसऱ्यांदा वाचावी लागली, तर गाडी बाजूला घ्या.’ डुलकी काही क्षणांची असते, पण ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे जाते. चहाने थोडी तरतरी येते, झोप भागत नाही. चिठ्ठीसोबत गजराचे एक स्वस्त घड्याळ द्यावे, म्हणजे ढाब्याच्या बाजेवर वीस मिनिटे पाठ टेकताना ‘जाग येईल का’ ही धास्ती राहत नाही.

एका कागदावर मात्र गंमत लिहू नये. नाव, रक्तगट, ज्या औषधांची ॲलर्जी आहे ती औषधे आणि घरच्यांचा फोन क्रमांक हे सारे मराठी, हिंदी व इंग्रजीत लिहून तो कागद थैलीत न ठेवता जॅकेटच्या छातीवरच्या खिशात ठेवावा. नांदेडहून निर्मलकडे गेले की तेलंगण लागते. तेथे मदतीला धावणाऱ्याला मराठी वाचता येईलच असे नाही. ११२ हा क्रमांक मात्र दोन्ही राज्यांत चालतो. तोही त्याच कागदावर मोठ्या आकड्यांत लिहावा.