पाणी नव्हे, पेट्रोल तापलंय

(दृश्य: आंबा गाव. बोनेट उघडलेली पांढरी पद्मिनी, मागे चहाची टपरी.)

मे महिन्यातली दुपार. साखरप्याहून आंबा घाट चढून आलेली ही प्रीमियर पद्मिनी कोल्हापूरकडं निघालीय. चढणीला तिनं एकदाही कुरकुर केली नाही. वर आल्यावर मालक चहाला थांबले, पंधरा मिनिटांनी परत येऊन सेल्फ मारला आणि गाडी लागेना. सेल्फ छान फिरतोय, इंजिन मात्र गप्प.

अशा वेळी आपला हात आधी रेडिएटरच्या टोपणाकडं जातो. तेवढं करू नका, दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. शिवाय इथं तापमानाचा काटा लालपर्यंत गेलाच नव्हता.

(दृश्य: शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. लेथचा आवाज. गॅरेज.)

उद्यमनगरात ऑइल इंजिनांवर हात बसलेले मिस्त्री आजही भेटतात. त्यातल्या एकानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं, "रेडिएटरला शिव्या देऊ नगासा. पेट्रोल उकळाय लागलंय."

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. त्याचा पेट्रोल पंप, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ए.सी. पंप (गार हवेचा एसी नव्हे), ब्लॉकलाच, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी धडालाच, बोल्ट केलेला असतो. इंजिनातला फिरता कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवतो, आतला डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, वरखाली होतो आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भांड्याला, जातं. वायर नाही, फ्यूज नाही. खोड एकच, तो बसलाय तापलेल्या लोखंडावर.

गाडी चालू असते तेव्हा पंख्याची हवा असते, पाणी फिरत असतं, टाकीतून ताजं पेट्रोल येत असतं. इंजिन बंद केलं की तिन्ही थांबतं, पण ब्लॉकमधली उष्णता थोडीच थांबते? ती बोनेटखाली कोंडते आणि उलट आणखी चढते. म्हणजे गाडी "विश्रांती" घेत असते तेव्हाच पंप सगळ्यात जास्त भाजतो.

पाण्यासारखा पेट्रोलचा उकळण्याचा एकच आकडा नसतो. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच वाफ व्हायला लागतात. त्यात ओढणाऱ्या नळीत दाब कमी, म्हणजे उकळी आणखी लवकर. पंपात वाफ भरली की डायफ्राम वाफच दाबत बसतो, पेट्रोल पुढं सरकत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. पंपावर ओला फडका टाकायचा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय चेष्टेचा नव्हता. पंप गार झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं.

आणि आता टाकीत ऊसही आलाय. विकत मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्यातलं काही साखर कारखान्यांचं. आपल्याच फडातला माल, पण जुन्या रबराला तो सोसत नाही. डायफ्राम कडक पडतो, चिरतो, आणि पेट्रोल गुपचूप ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीला, पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवायची नाही. ऑइल बदलायचं आणि इथेनॉल सोसणारा डायफ्राम टाकायचा.

(दृश्य: बाकावर दोन पंप. एक ए.सी., एक इलेक्ट्रिक.)

मग इलेक्ट्रिक पंपच का लावू नये? लावा, पण तो टाकीजवळ हवा. हा पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चा. मागून ढकललं की पुढच्या नळीत दाब राहतो आणि वाफ धरत नाही. कार्बोरेटरला तीन-चार पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) वर दाब लागत नाही. इंजेक्शनच्या गाडीचा ४० पीएसआयचा पंप स्वस्तात मिळाला म्हणून जोडला, तर कार्बोरेटरमधलं जादा पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई उचलली जाते आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडतं. शिवाय अपघातात इंजिन बंद पडलं तरी हा पंप चालूच राहतो. म्हणून ऑइल प्रेशर स्विचवरून रिले घ्यायलाच हवा, म्हणजे इंजिन थांबून ऑइलचा दाब गेला की पंपाची वीज तुटते. आमचं मत विचाराल तर चांगला ए.सी. पंप घाटालाही पुरतो.

उरला कूलिंगचा भाग. "गाडी तापते" म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, काढून फेकायची पद्धत इथंही आहे. त्यानं इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि काही इंजिनांत पाणी बायपासनं, म्हणजे आडवाटेच्या नळीनं, रेडिएटर चुकवून फिरतं, म्हणजे घाटात उलटी आफत. त्यापेक्षा रॉडिंग, म्हणजे रेडिएटरच्या नळ्या सळईनं साफ, करून घ्या, बोअरचं क्षाराचं पाणी बंद करून कूलंट भरा आणि टोपणाचं रबर बघा. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर, इथं उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. टोपणानं सात पीएसआय दाब धरला की तोच आकडा दहाएक अंशांनी वर जातो. एका गाडीचा तर पंखाच उलटा बसवलेला होता. मालकानं दोन रेडिएटर बदलल्यावर ते कुणाच्या तरी लक्षात आलं.

पद्मिनीला मिस्त्रींनी ए.सी. पंपच ठेवला. पंप आणि ब्लॉकच्या मध्ये फायबरचं पॅकिंग घातलं. जाडी मोजून, कारण जास्त जाड झालं तर दांड्याचा स्ट्रोक, म्हणजे मागंपुढं होण्याचं अंतर, कमी पडतो. एक्झॉस्टजवळून जाणारी नळी लांबून फिरवली.

(दृश्य: पुन्हा आंबा. तीच टपरी, तेवढंच ऊन.)

चहा, पंधरा मिनिटं, सेल्फ. पहिल्याला नाही, दुसऱ्याला लागली. पहिल्याला लागेल अशी पैज होती, त्यामुळं चहाचे पैसे मिस्त्रींनी दिले.