पहिला घोट सोनेरी एलचा

(नागझिरा परिसरातल्या रिसॉर्टांमध्ये स्वयंपाक आणि वाढप सांभाळणाऱ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, आपल्याकडे बिअर म्हटलं की ६५० मिलीची स्ट्राँग बाटली डोळ्यांसमोर येते. बर्फासारखी गार, घटाघट संपवायची. इतक्या गारव्यात जीभ बधिर होते, मग चव लागणार कुठून? म्हणून क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या कारखान्यात थोडी-थोडी बनवलेली बिअर, पहिल्यांदाच घेणाऱ्या पाहुण्याच्या हातात कडू आयपीए (इंडिया पेल एल) किंवा काळीकुट्ट स्टाउट देऊ नका. तो तोंड वाकडं करील आणि पुन्हा त्या वाटेला जाणार नाही. सुरुवात सौम्य सोनेरी एलनं करा. एल म्हणजे थोड्या उबदार तापमानाला आंबवलेली बिअर, आणि लागर म्हणजे थंडीत आंबवलेली. इंग्लंडात समरसेटची एक्समूर गोल्ड १९८६ साली आली; लागरची सवय असलेल्यांना एलकडे वळवायला हा प्रकार तिथंही कामी आला.

सोनेरी एलमध्ये अल्कोहोल साधारण ३.८ ते ५.५ टक्के, कडवटपणा १५ ते २८ आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक). आयपीएत तोच ४० ते ७० वर जातो. हिशेब करून बघा: साडेचार टक्क्यांच्या ३३० मिली बाटलीत शुद्ध अल्कोहोल १५ मिलीच्या आसपास, तर ८ टक्क्यांच्या ६५० मिली स्ट्राँगमध्ये ५२ मिली.

पण सौम्य म्हणजे बनवायला सोपी, असं समजू नका. सावजीच्या तर्रीत थोडा मसाला करपला तरी खपून जातो. साध्या वरणाची डाळ बुडाला लागली, तर पहिल्याच घासाला कळतं. सोनेरी एल त्या वरणासारखी आहे. स्टाउटमध्ये भाजक्या माल्टखाली दोष दडतात, आयपीएत हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या, कडूपणाखाली. इथं आडोसाच नाही. माल्ट म्हणजे जव भिजवून, मोड आणून, सुकवलेले दाणे. ते इथं फिकेच ठेवतात. एलचं यीस्ट, म्हणजे आंबवणारं खमीर, १६ ते २२ अंशांवर काम करतं. आंबवण आपल्या उन्हाळ्याच्या तापमानाला राहिलं तर उग्र, सॉल्व्हंटसारखा वास येतो.

आता ग्लास. स्टीलचा नको, रंग दिसत नाही. काच खाण्याच्या सोड्यानं धुवा, पालथी घालून वाऱ्यावर सुकवा, फडक्यानं पुसू नका. तेलाचा हात लागलेल्या काचेत फेस टिकत नाही. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले, तर ग्लास नीट धुतलेला नाही, हे ओळखा.

फ्रिजमधून काढून बिअर ७ ते १० अंशांवर येऊ द्या. मे महिन्यात त्याला पाच मिनिटंही पुरतात. ग्लास ४५ अंशांत तिरपा धरून ओता, शेवटी सरळ करून दोन बोटं फेस उठवा. चवीसाठी माणशी १०० मिली पुरे, आणि ग्लास अर्धाच भरा, म्हणजे वास आत साठतो. पिण्याआधी दोन-तीन छोटे हुंगे घ्या, लांब श्वास नको. ताजी बिस्किटं, पावाचा कडक भाग, थोडा मध. हॉप्सच्या जातीनुसार कधी संत्र्याच्या सालीसारखा वास. आपल्या भागात संत्र्याची साल बोटानं दाबून तिचं तेल उडवण्याची मजा सगळ्यांना माहीत आहे. त्याची फार पुसट आठवण इथं येईल. मग घोट तोंडात फिरवा आणि गिळा. थुंकू नका, कारण कडवटपणा गिळल्यावर उशिरा उमटतो, आणि तो लगेच विरला पाहिजे.

दोष ओळखायला हीच बिअर गुरू. लोण्यात भाजलेल्या पॉपकॉर्नचा वास म्हणजे डायअसेटिल: यीस्टला काम पूर्ण करू दिलं नाही किंवा बिअर ज्यातून नळाला येते त्या नळ्या अस्वच्छ आहेत. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर कच्ची आहे. उकडलेल्या मक्याचा वास आला तर उकळताना झाकण ठेवलं होतं किंवा उकळी कमी पडली. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागली. गाडीच्या डिकीत ४५ अंशांत पेट्या पडल्या की हे फार लवकर होतं. हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीला ऊन लागलं तर हॉप्समधली कडू द्रव्यं फुटून जळक्या रबरासारखी दुर्गंधी येते. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, तरी पेट्या सावलीतच ठेवा.

सोबत मुरमुरे, उकडलेले चणे, साधी पोळी द्या. सावजी मटण नंतर. आधी दिलं तर तिखटापुढे ही बिअर पाण्यासारखी लागेल. बिअरसाठी आपल्या राज्यात वय २१ लागतं, आणि वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. पाहुणा तिकडून आला असो वा तिकडे निघाला असो, बाटली सोबत देऊ नका.

ग्लासात शेवटचे दोन घोट राखून ठेवायला सांगा, आणि पंधरा मिनिटांनी कोमट झाल्यावर पुन्हा चाखवा. गारव्यानं झाकलेलं सगळं तेव्हा वर येतं. लोणी, मका, पुठ्ठा यातलं काही नसेल आणि बिस्किटाचा गोडसर वास तसाच असेल, तर तीच बिअर पुन्हा मागवा.