माणूस म्हटलं की त्यात बाई येते का?

तर मंडळी, मागे अजून खुर्च्या आहेत, या पुढे, उभे राहू नका. सुरुवात मी इतिहासापासून करत नाही, आपल्या घरातल्या एका शब्दापासून करते. 'बाईमाणूस आहे, एकटी कशी जाईल एवढ्या लांब?' हे वाक्य इथल्या प्रत्येकीने ऐकलेलं आहे. बाईमाणूस! आता पुरुषमाणूस पण म्हणतो आपण, नाही असं नाही, पण नुसतं 'बाहेर कोणीतरी माणूस आलाय' म्हटलं तर दारात बाई उभी असेल असं कुणाच्याच मनात येत नाही. माणूस या शब्दात बाई आहेही आणि नाहीही. हे डोक्यात ठेवा, कारण मानवी हक्कांचा सगळा इतिहास मला तरी या एकाच प्रश्नाचा इतिहास वाटतो, की माणूस म्हणजे कोण कोण?

१९४७ साल. दुसरं महायुद्ध संपून दोन वर्षं झालेली, छळछावण्यांमध्ये काय झालं ते जगाला कळलेलं, आणि संयुक्त राष्ट्रांनी आदल्या वर्षी नेमलेला मानवी हक्क आयोग कामाला बसला, काम एवढंच की बाबांनो, प्रत्येक माणसाचे हक्क काय ते एकदा लिहून काढा. १८ देशांचे सदस्य, त्यात बायका फक्त दोन. अध्यक्ष अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट आणि दुसऱ्या आपल्या हंसा मेहता. सुरुवातीच्या मसुद्यात वाक्य होतं 'ऑल मेन आर ब्रदर्स'. सगळे पुरुष भाऊ भाऊ. हंसाबाईंनी तिथेच अडवलं. 'मेन' नको, 'ह्यूमन बीइंग्ज' लिहा. रूझवेल्टबाईंचं म्हणणं असं की अमेरिकेत आम्हा बायकांना या शब्दामुळे वगळल्यासारखं वाटत नाही, मेन म्हणजे सगळेच आले. हंसाबाई म्हणाल्या की काही देशांत याचा शब्दशः अर्थ लावतील आणि बायकांना बाहेर ठेवतील. आणि शेवटी शब्द बदलला.

मला विचाराल तर हा नुसता भाषेचा कीस नव्हता. ही बाई जन्मली सुरतेत, पण कामाचा मोठा काळ मुंबईत गेला. जातीबाहेर लग्न केलं तेव्हाचा गदारोळ सोसला, १९३० मध्ये मुंबईत परदेशी कापडाच्या दुकानांसमोर निदर्शनं केली, तुरुंगात गेली, कर्व्यांनी उभारलेल्या एसएनडीटी विद्यापीठाची कुलगुरू झाली. कायद्यात बाईचं नाव स्पष्ट लिहिलेलं नसेल तर पुढे काय होतं हे तिला कुणी पुस्तकातून सांगायची गरजच नव्हती.

आणि मेन म्हणजे सगळेच, असं इतिहासात खरंच होतं का? फ्रान्स बघा. १७८९ चा तो प्रसिद्ध जाहीरनामा, माणसाचे आणि नागरिकाचे हक्क. दोन वर्षांनी ओलँप द गूज नावाच्या बाईने तोच जाहीरनामा घेतला आणि माणसाच्या जागी बाई घालून कलमामागून कलम नव्याने लिहिलं. तिचं म्हणणं साधं होतं, बाईला वधस्तंभावर चढायचा हक्क देता ना, मग भाषणाच्या व्यासपीठावर चढायचाही द्या. १७९३ मध्ये तिला गिलोटिनवर चढवलं. व्यासपीठ नाहीच मिळालं. फ्रान्समधल्या बायकांना मताचा हक्क मिळायला १९४४ उजाडलं, म्हणजे १५५ वर्षं लागली बघा. आणि त्याच फ्रान्सच्या वसाहतीत, आजच्या हैतीत, उसाच्या मळ्यांवर लाखो गुलाम राबत होते, ते तर माणसात धरलेच नव्हते, त्यांनी १७९१ मध्ये उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वतःचा देशच उभा केला.

आता म्हणाल, फ्रान्सचं आम्हाला काय? तर महाडला चला. २० मार्च १९२७, चवदार तळं. तिथे गुरंढोरं पाणी पीत होती, कुणाची हरकत नव्हती, पण बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी ओंजळभर पाणी घेतलं तर तळं बाटलं म्हणून नंतर शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून ते 'शुद्ध' केलं. ती ओंजळ डोळ्यासमोर आणा. म्हैस चालते, माणूस नाही! त्याच वर्षी २५ डिसेंबरला परत महाडलाच परिषद भरली, मनुस्मृती जाळली हे सगळ्यांना माहितीय, पण त्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या सभेची तुलना १७८९ च्या व्हर्सायच्या सभेशी, म्हणजे फ्रान्सच्या त्या जाहीरनाम्यावाल्या सभेशी केली होती हे फार कमी जणांना माहीत असतं. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावात मांडवाखाली बसलेली माणसं, ज्यांना तळ्यावर जाऊ देत नव्हते, ती स्वतःच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर करत होती, आणि संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा यायला अजून २१ वर्षं होती. हे आपल्या मुलांना शाळेत का नाही सांगत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बरं, १० डिसेंबर १९४८, पॅरिस. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर मतदान झालं, बाजूने ४८, विरोधात एकही नाही, आठ देश तटस्थ. त्यात दक्षिण आफ्रिका होती, जिथे त्याच वर्षी वर्णभेदाचं सरकार आलं होतं. सौदी अरेबियाही तटस्थ राहिला. लग्नात बाईला समान हक्क, या कलमासाठी पाकिस्तानच्या बेगम शाइस्ता इकरामुल्लाह हिरिरीने बोलल्या होत्या, हेही लक्षात ठेवा, उगाच पूर्व आणि पश्चिम अशी सोपी वाटणी करू नका.

घरी गेल्यावर त्या जाहीरनाम्याचं मराठी भाषांतर काढून पहिलं कलम वाचा, दोनच मिनिटं लागतात. सुरुवात आहे 'सर्व मानवी व्यक्ती'. व्यक्ती, म्हणजे ती व्यक्ती, आपल्या व्याकरणात स्त्रीलिंगी. हे वाचून मला किती आनंद झाला होता सांगू! पण तसंच पुढे वाचत जा, कलमाच्या शेवटाला एकमेकांशी कसं वागायचं ते लिहिलंय, आणि तिथे शब्द आहे बंधुत्व. इंग्रजीतही ब्रदरहूडच. हंसाबाईंनी पहिला शब्द बदलून घेतला, हा शेवटचा तसाच राहिलाय. त्याच्या जागी मराठीत कोणता शब्द बसेल ते मला अजून सापडलेलं नाही, तुमच्यापैकी कुणाला सुचला तर आत्ताच हात वर करा, माइक तिकडे पाठवते.