सिकंदराचं नाटक राण्यांनी पळवलं

लंडन, मार्च 1677. ड्रुरी लेनवरचं थिएटर रॉयल. त्या काळी नाटकं भर दुपारी व्हायची, तरी आत मेणबत्त्या जळत असायच्या. शोकांतिकेतला राजा म्हटला की डोक्यावर पिसांचा भलामोठा तुरा हवाच, मग तो राजा ग्रीक असो की रोमन. आजचा राजा आहे अलेक्झांडर, म्हणजे आपला सिकंदर. नाटकाचं नाव मात्र आधी राण्यांचं आहे: ‘द रायव्हल क्वीन्स, ऑर द डेथ ऑफ अलेक्झांडर द ग्रेट’. एकमेकींच्या जिवावर उठलेल्या दोन राण्या, आणि मागाहून सिकंदराचा मृत्यू.

थोडं मागे जाऊ. 1642 मध्ये इंग्लंडच्या संसदेने नाटकांवर बंदी घातली. पुढची अठरा वर्षं नाट्यगृहांना जवळजवळ टाळंच होतं. 1660 मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि पडदा पुन्हा उघडला. मुंबईकरांना हा चार्ल्स वेगळ्या कारणाने माहीत असतो. हुंड्यात मिळालेली मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनी सरकारला देऊन टाकणारा तो हाच. नाटकाचा त्याला भारी शौक. त्याच्या कारकिर्दीत मोठा बदल झाला तो असा की बायकांची कामं बायका करू लागल्या. तोवर ती पोरंच करत.

अशाच स्त्रीपार्ट करणाऱ्यांतला एक एडवर्ड किनॅस्टन. 1660 मध्ये त्याला स्त्रीवेषात पाहून सॅम्युअल पीप्सने रोजनिशीत लिहून ठेवलं की इतकी देखणी बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही. सतरा वर्षांनी तोच किनॅस्टन या नाटकात कॅसँडर झाला, सिकंदराला विष घालणारा कारस्थानी. राण्यांच्या भूमिका आता त्याच्याकडे येणार नव्हत्या. रोक्साना झाली रिबेका मार्शल आणि स्टटीरा झाली एलिझाबेथ बाउटेल.

नाटककार नॅथॅनियल ली जेमतेम पंचविशीचा. आधी तो नट व्हायला निघाला होता. ‘मॅकबेथ’मधला राजा डंकन करायला उभा राहिला आणि प्रेक्षक पाहून गारठला. पण वाचायचा असा की ऐकणाऱ्याने थक्क व्हावं! एकदा तालमीत तो मायकेल मोहनला त्याची भूमिका वाचून दाखवत होता. मोहन मुरलेला नट. त्याने हातातले कागद खाली टाकले. तू वाचतोस तसं मला करता येणार नसेल तर मी हे काम घेऊन करू काय, असं तो म्हणाला, अशी आठवण पुढच्या पिढीतला नट कॉली सिबर याने नोंदवली आहे. या नाटकात मोहन सिकंदराचा जुना सरदार क्लायटस झाला.

आता गोष्ट. बॅबिलॉन. रोक्साना आणि स्टटीरा दोघीही सिकंदराच्या बायका; स्टटीरा इराणचा राजा दरायस याची लेक. सिकंदराने स्टटीराला वचन दिलं होतं की रोक्सानाकडे पुन्हा फिरकणार नाही. ते त्याने मोडलं. स्टटीरा शपथ घेते, या माणसाचं तोंड पाहणार नाही. ती शपथ टिकलीही असती. पण रोक्साना येऊन तिला डिवचते, आणि त्या ईर्ष्येनेच स्टटीरा नवऱ्याला परत जवळ करते. दोघींचा हा सामना म्हणजे नाटकाचं काळीज. ली इथे शब्दांची जराही काटकसर करत नाही. काहींना तो आक्रस्ताळा वाटतो, आणि वाचताना ते खरंही वाटतं. पण ही वाक्यं डोळ्यांसाठी लिहिलेलीच नाहीत. ती दमसास असलेल्या गळ्यासाठी आहेत.

पुढे मेजवानी. इराणी झगा घालायला क्लायटस नकार देतो, दारूच्या भरात राजाला खरं सुनावतो, आणि सिकंदर त्याला भाल्याने मारतो. रोक्साना स्टटीराला खंजीर खुपसते. मरता मरता स्टटीरा नवऱ्याला विनवते, हिला मारू नकोस. शेवटी विष भिनलेला सिकंदर भ्रमात लढाया लढत प्राण सोडतो.

इतिहासात हे असं एका जागी घडलं नाही. क्लायटस मेला तो समरकंदला, इसवी सनपूर्व 328 मध्ये. सिकंदर गेला बॅबिलॉनमध्ये, 323 मध्ये. आणि स्टटीराचा खून त्याच्याही नंतरचा. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की गरोदर रोक्सानाने खोटं पत्र धाडून तिला बोलावून घेतलं, बहिणीसकट मारलं आणि दोघींची प्रेतं विहिरीत टाकून विहीर बुजवली. म्हणजे खऱ्या सिकंदराने हा खून पाहिलाच नाही. लीने त्याला तो पाहायला लावला. इतिहास वाकवला खरा, पण नाटकवाल्याचा हिशेब चोख आहे: नवऱ्याच्या डोळ्यांदेखत घडलेला खून विहिरीतल्या खुनापेक्षा केव्हाही भारी.

नाटक तुफान चाललं. चार्ल्स हार्टचा सिकंदर असा रुबाबदार की दरबारातला कुणी म्हणाला, राजाने कसं वागावं हे जगातल्या कोणत्याही राजाला हार्टने शिकवावं. ही नोंद जॉन डाउन्सची. तो दुसऱ्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. पंधरवड्यातून एकदा जरी हार्टने ही भूमिका केली तरी नव्या नाटकासारखी गर्दी व्हायची, असंही तो लिहितो.

हार्ट 1683 मध्ये गेला. लीची त्याहून वाईट गत झाली. दारू, कर्ज, आणि 1684 मध्ये बेडलमचं वेड्यांचं इस्पितळ. तिथे तो चार वर्षं होता. ‘मी म्हणालो जग वेडं, जग म्हणालं मी वेडा, मतं त्यांची जास्त पडली,’ हे वाक्य त्याच्या नावावर सांगतात. 1692 मध्ये तो वारला, चाळिशीच्या आतच.

नाटक मात्र थांबलं नाही. पुढे रोक्साना आली एलिझाबेथ बॅरीकडे, त्या काळातली सर्वांत मोठी नटी. समोर स्टटीरा तीच, बाउटेल. 1741 मध्ये छापलेल्या इंग्लिश रंगभूमीच्या इतिहासात एक किस्सा आहे. एका प्रयोगाआधी ओढणीवरून दोघींची जुंपली. कपडेपट सांभाळणाऱ्याने ओढणी बाउटेलला दिली. खुनाचा प्रवेश आला. खंजिराचं टोक बोथट होतं, तरी बॅरीने तो असा हाणला की बाउटेलची जाड काचोळी फोडून पाती पाव इंच अंगात घुसली! नाट्यगृहात एकच गडबड उडाली.

1750च्या दशकात लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरात पुन्हा तेच. रोक्साना पेग वॉफिंग्टन, स्टटीरा जॉर्ज अ‍ॅन बेलामी. बेलामीने थेट पॅरिसहून पोशाख मागवले: गडद पिवळा झगा, वर जांभळी शाल. वॉफिंग्टनला मिळाला राजघराण्यातल्या बाईंचा उतरलेला पोशाख. वाळल्या गवताच्या रंगाचा, दिवसाच्या उजेडात सुरेख. पण मेणबत्तीच्या प्रकाशात तो मळकट पांढरा दिसायचा, आणि शेजारी तो झळझळीत पिवळा. वॉफिंग्टनने खंजीर घेऊन तिला अक्षरशः विंगेपर्यंत पिटाळलं आणि जवळजवळ आतच तिचा शेवट केला. ही हकीकत बेलामीच्या आत्मचरित्रातली, तेव्हा एका बाजूची समजूनच ऐकायची.

त्या शतकाच्या उत्तरार्धात छापील प्रतींवर नाव उलटं झालं. आधी ‘अलेक्झांडर द ग्रेट’, मग राण्या. पण लंडनच्या लोकांना काय लक्षात राहिलं होतं? वॉफिंग्टन-बेलामीच्या भांडणावर विनोदी नट-नाटककार सॅम्युअल फूटने प्रहसन लिहिलं. नाव ठेवलं ‘ग्रीनरूममधली खडाजंगी, अर्थात बॅबिलॉनची राणी आणि दरायसची लेक यांच्यातलं घनघोर युद्ध’. सिकंदराचा या नावात उल्लेखही नाही.